शेजारची तेलविहीर आणि सहा महिन्यांचा घोळ

एका कंपनीचं कसब प्रतिस्पर्ध्याकडे झिरपतं का, हे नॉर्थ डकोटातल्या बाकन पट्ट्याच्या तेलविहिरींवर मोजायला घेतलं. विहिरीच्या आडव्या भागाची लांबी, खडक फोडायला आत ढकललेल्या वाळू-पाण्याचं प्रमाण, मासिक उत्पादन, सगळं विनासायास मिळालं. अडलं ते एका तारखेवर.

मी धरून चाललो होतो की विहीर सुरू झाली की शेजाऱ्यांना तिची कृती, म्हणजे किती वाळू-पाणी वापरलं वगैरे, कळते. साफ चूक. तिथे कंपनीने मागितलं तर विहिरीचे तपशील सहा महिने गोपनीय राहतात. विकत घेतलेल्या फाइलमध्ये गोपनीयता कधी उठली हा रकानाच नव्हता. विचारल्यावर तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'आम्ही ठेवत नाही'. मग एकेका विहिरीची तारीख हाताने लावली. चिडचिड झाली, पण खरा धक्का त्यानंतरचा. शेजाऱ्याची माहिती बंद असताना ज्या विहिरी पूर्ण झाल्या, त्यांच्यावरही त्याच्या वाळूच्या प्रमाणाचा 'परिणाम' जवळपास तेवढाच दिसला! म्हणजे मी ज्याला स्पिलओव्हर (कसब झिरपणं) म्हणत होतो तो खडकाचा चांगुलपणा होता. दोघांनीही चांगली जागा हेरली होती, इतकंच. एक चौरस मैलाच्या प्रत्येक सेक्शनला (जमिनीच्या चौकोनाला) मॉडेलमध्ये वेगळा स्थिरांक देऊन खडकाचा फरक बाजूला काढल्यावर शेजाऱ्याच्या परिणामाचा गुणांक बराच आकसला. ही बंद काळाची चाचणी आधी करा, मॉडेलची सजावट मागाहून.

चाचणीतही एक खोच आहे. शेजारच्या विहिरीत ज्या कंपनीचा हिस्सा असतो तिला तपशील आधीच कळतात. अशा जोड्या वगळल्या नाहीत तर बंद काळ बंद राहत नाही.

जवळची जुनी विहीर खडकातला दाब खाते, म्हणून नव्या विहिरीचं उत्पादन घटतं. शिकण्याचा फायदा आणि हा तोटा एकाच चलात घातले तर एकमेकांना खोडतात. अंतराचं चल वेगळं ठेवा.

हो, आणि कंपनीचं नाव विहीर पूर्ण झाल्या दिवसाचं घ्या. विलीनीकरणानंतर जुन्या विहिरींवर नवं नाव चिकटतं आणि कालचा प्रतिस्पर्धी 'स्वतःचा अनुभव' होऊन बसतो. उत्पादनाचा पहिला अर्धवट महिना टाकून द्या. उत्पादन बॅरलमध्येच मोजा (एक बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन). डॉलरमध्ये मोजलंत तर तेलाचा भाव वाढला की कंपनी हुशार झाल्यासारखी दिसते.