बेस थोडा कमी कर, भाऊ

रविवार, रात्रीचे पावणेदोन

टेम्पो गोडाऊनला लावून आत्ताच घरी आलो. हाताला काळ्या टेपचा चिकटा बसलाय, साबणानेही निघत नाही. वरण-भात झाकून ठेवला होता, तो गरम न करताच जेवलो. आज लवकर झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

उपवन तलावाकाठचा महोत्सव आज संपला. तिन्ही दिवस साउंड आमचा होता. परवा भावगीतं झाली, काल बँड झाला, आणि आज समारोपाला दादाचा रॅप. बॅनरवर त्याचा फोटो सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा. शुक्रवारी स्टेज लावताना मी दोनदा जाऊन तो बॅनर बघून आलो. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे, पण आता ठाण्या-कळव्यातली सगळी पोरं त्याला दादा म्हणतात, मग माझ्याही तोंडी तेच बसलंय.

त्याचं पहिलं गाणं 2006 साली कळव्याच्या माझ्या खोलीत रेकॉर्ड झालं. मे महिना, आवाज नको म्हणून पंखा बंद, भिंतींना आईच्या दोन गोधड्या बांधलेल्या. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातली पाळी संपवून तो यायचा. घरी गेला की रात्री ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर अनोळखी पोरांशी रॅपच्या लेखी लढाया खेळायचा. 2014 च्या सप्टेंबरात ऑर्कुट बंद झालं, त्या सगळ्या ओळीही गेल्या. एकही त्याने उतरवून ठेवली नव्हती. मला फार वाईट वाटलं होतं. तो म्हणाला, "चांगल्या असत्या तर पाठ राहिल्या असत्या."

रॅप जिथे जन्मला त्या ब्राँक्सची गोष्टही मला त्यानेच सांगितली, त्याच खोलीत, घाम पुसत. 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या 1520, सेजविक अव्हेन्यू या इमारतीतला एक हॉल. शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली आणि गाणी वाजवायला भावाला उभं केलं. तो भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क, जमैकातून आलेला. गाणारा थांबून नुसते ड्रम वाजतात त्या काही सेकंदांत नाचणारे उसळतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायच्या, एकीवरचा तो तुकडा संपला की दुसरीवरचा लावायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा हवा तेवढा वेळ चालायचा. त्यावर माईकवर बोलणारे आले, आणि पुढे त्यातूनच रॅप वाढला.

मला त्या गोष्टीतली एक बाब कायमची चिकटली. हर्कचे वडील एका बँडचा साउंड सांभाळायचे. म्हणजे आमच्यातलेच. ज्या घरात मोठे स्पीकर होते त्या घरातून हे निघालं. तेव्हापासून रॅपचा कार्यक्रम आला की मी पोरांवर सोडत नाही, मिक्सरवर स्वतः बसतो.

आज निवेदकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की पोवाडा म्हणजेच आपला रॅप. मला हे पटत नाही. पोवाड्याला स्वतःची परंपरा आहे, शाहीर आहे, झीलकरी आहेत, डफ-तुणतुणं आहे. त्याला दुसऱ्या कशासारखं म्हणून मोठं करायची गरज नाही. आणि दोन तबकड्यांवर जन्मलेल्या गोष्टीचं ऋण ब्राँक्सचंच आहे, ते तसंच मानावं. दादा हे स्टेजवरून सांगतो, दरवेळी.

त्याची वेळ साडेआठ ते दहा अशी ठरलेली. दहानंतर लाउडस्पीकर बंद, 2000 सालचा तो नियम आम्हा साउंडवाल्यांच्या हाडात मुरलाय. पण सत्कार लांबत गेले. शाल, श्रीफळ, दोन शब्द, पुन्हा शाल. तीन दिवस पोस्टरवर ज्याचं नाव मिरवलं त्याचाच वेळ कापायचा, याचा मला खरोखर संताप आला. नऊ वाजता मी स्टेजमागे गेलो तर तो खुर्चीवर मांडीवर चिठ्ठी घेऊन बसलेला. वहीचं अर्धं पान, निळं बॉलपेन, बारा गाण्यांची नावं. पाच खोडली. त्यातलं पहिलंच त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं, ज्याच्यासाठी निम्मी गर्दी आली होती.

मी म्हटलं, "अरे, हे कसं काय काढतोस?"

"त्यांना ते पाठ आहे भाऊ. घरी जाताना म्हणतील." मग उठता उठता म्हणाला, "बेस थोडा कमी कर. शब्द लागू देत."

हे वाक्य रॅपरच्या तोंडून क्वचित ऐकायला मिळतं. त्याच्याआधी चार पोरं गायली, गुणी पोरं, जीव तोडून गायली. पण चौघांनीही माईकची जाळी मुठीत धरली. दिसायला ते छान दिसतं. माईक मात्र समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो तो जाळीच्या मागच्या बाजूच्या फटींमुळे. त्या मुठीखाली झाकल्या की तो चहूबाजूंचा आवाज ओढायला लागतो, गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा, म्हणजे मॉनिटरचासुद्धा. मग शिट्टी मारतो, ती मारू नये म्हणून मी आवाज खाली घेतो, पोरगा आणखी ओरडतो, आणि मागच्या रांगेला ऐकू येतो तो नुसता धप्प-धप्प बेस. वर त्यांच्या ट्रॅकमध्ये त्यांचाच रेकॉर्ड केलेला आवाज. दम संपला तरी गाणं चालूच. कुठली ओळ आत्ताची आणि कुठली घरून आणलेली, ते मलाही मिक्सरवर कळत नव्हतं.

दादाने दांडा धरला, जाळीच्या चांगला खाली. ट्रॅकमध्ये आवाज नाही, नुसते ड्रम. मी सबचा, म्हणजे बेसच्या स्पीकरचा फेडर (मिक्सरवरची सरकपट्टी) खाली घेतला, त्याचा चॅनल वर, आणि त्याला उघडं सोडलं. मराठीचा ळ आणि ण चांगल्या माईकवर कसे वाजतात हे ज्याने ऐकलंय त्यालाच मी काय म्हणतोय ते कळेल. जीभ टाळूला लागून सुटते तो बारीक आवाज काठावरच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला. 'भ' आणि 'फ' आले की तो मान किंचित वळवायचा, हवेचा फटका जाळीवर बसायचाच नाही. हे कुणी शिकवत नाही. पंखा बंद केलेल्या खोलीत एकच ओळ चाळीसदा घेतली की येतं.

आणि श्वास. तो श्वास लपवत नाही. आज सेहेचाळिसाव्या वर्षी त्याचा दम पंचविशीसारखा राहिलेला नाही, म्हणून त्याने जुन्या गाण्यांच्या ओळीच नव्याने तोडल्यात. जिथे पूर्वी सरळ पळायचा तिथे आता थांबतो, आणि त्या थांबण्यात लोक पुढच्या शब्दाची वाट बघतात. मला तर ती गाणी आता जास्त आवडतात.

चौथ्या गाण्यानंतर त्याने डीजेला हात केला, बीट थांबवला. एमसी तोडफोडचं नाव घेतलं. मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाचा धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा, 2022 च्या मार्चमध्ये गेला तेव्हा 24 वर्षांचा होता. दादा म्हणाला, "माझे केस पांढरे झालेत, त्याचे व्हायचे होते." एवढंच. पुढचं गाणं लगेच सुरू केलं. माझा हात फेडरवर होता आणि थोडा वेळ मला समोरचे आकडे दिसत नव्हते.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा माझ्या घड्याळात 9:58. लोक त्या गाजलेल्या गाण्याची मागणी करत होते. त्याने हात जोडले, माईक स्टँडवर नीट लावला, स्विच बंद केला. बंद केल्याचा ठक्क आवाजसुद्धा आला नाही, कारण त्याने आधी माझ्याकडे बघितलं होतं आणि मी चॅनल बंद केला होता.

ती चिठ्ठी मी मागून घेतली, आता या वहीत ठेवतोय.

केबली गुंडाळताना आधीच्या चौघांतला एक पोरगा आला, कोपरीचा, सतरा-अठरा वर्षांचा. म्हणाला, "काका, माझी आई मागे बसली होती. म्हणाली, तू काय म्हणालास ते काही समजलंच नाही." चेहरा पडला होता त्याचा. मी त्याच्या हातात एक माईक दिला, दांडा कुठे धरायचा ते दाखवलं. पण मिक्सर टेम्पोत चढला होता, ऐकवणार कशावर? बुधवारी संध्याकाळी गोडाऊनला ये म्हटलंय. येतो म्हणाला.

गोडाऊनचा पत्रा फार घुमतो. दोन गोधड्या बांधाव्या लागतील.