कोच परदेशीच हवा का?

काल संध्याकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर गेलो होतो, सगळीकडे क्रिकेट चाललेलं आणि एका कोपऱ्यात दहा-बारा पोरं चपलांचे गोलपोस्ट करून फुटबॉल खेळत होती. एक जण अनवाणी, अंगठा सोललेला तरी थांबायला तयार नाही. तिथेच मित्राशी वाद झाला, तो म्हणे भारताच्या फुटबॉल टीमला परदेशी कोचच पाहिजे, आपल्याकडे आहे कोण?

अरे, सय्यद अब्दुल रहीम होते ना! हैदराबादचे, पेशाने शिक्षक, भारताच्या फुटबॉल टीमचे कोच. १९५१ आणि १९६२ ला एशियाडचं गोल्ड, मधे १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर, आणि ६२ ला तर कॅन्सर झालेला असताना टीमसोबत जकार्ताला गेले. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

परदेशी कोच वाईट असं नाही, इंग्लंडच्या स्टीफन कॉन्स्टंटाईनने आपल्याला २०१९ च्या एशियन कपला नेलंच की. पण त्याच्यानंतर कोच झालेला क्रोएशियाचा स्टिमॅक गेला, स्पेनचा मार्केझ आला, वर्षभरात तोही गेला. २०२५ ला खालिद जमील आले, मिझोरामच्या आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही देशातली फुटबॉल लीग जिंकून देणारा माणूस! सिंगापूरकडून हरून एशियन कप हुकला तर लोक लगेच त्यांच्यावर तुटून पडले, पण त्याच पात्रता फेरीतली बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार मार्केझच्याच वेळची ना? ते कसं विसरता?

माझं स्पष्ट मत आहे, जमीलना निदान तीन-चार वर्षं द्या. मित्राला पटलं नाही, अंधार पडेपर्यंत आम्ही भांडत होतो, पोरं खेळतच होती.