चार वर्षांनी खुला होणारा कोड

हॅशिकॉर्प कंपनीच्या टेराफॉर्मचा (सर्व्हर आणि क्लाउडची मांडणी कोड लिहून उभारण्याच्या साधनाचा) सोर्स कोड उतरवून घेतला की त्यातल्या परवान्याच्या फाइलमध्ये ‘चेंज डेट’ या शब्दांपुढे एक मुदत दिसते: ती आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून चार वर्षे. तोपर्यंत कोड वाचता येतो, बदलता येतो, स्वतःच्या कामासाठी वापरताही येतो. मात्र हॅशिकॉर्पच्या विकत मिळणाऱ्या सेवेशी स्पर्धा करणारी सेवा त्यावर उभारून इतरांना देता येत नाही. मुदत संपली की तीच आवृत्ती मोझिला पब्लिक लायसन्स या खुल्या परवान्याखाली येते.

ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने स्वीकारलेला हा बिझनेस सोर्स लायसन्स मूळचा मारियाडीबी या डेटाबेस कंपनीकडचा. तिथे २०१६ मध्ये मॅक्सस्केल या उत्पादनाला तो लावला गेला होता. त्याच्या १.१ या मसुद्यात कंपनीला चार वर्षांपेक्षा जास्त मुदत ठेवताच येत नाही, आणि ही अट मला फार मोलाची वाटते, कारण उद्या कंपनी विकली गेली किंवा बंद पडली तरी वापरणाऱ्याच्या हाती एक ठरलेली तारीख उरते.

खरी मेख मात्र पुढे आहे. मुदत संपूर्ण सॉफ्टवेअरची नसते, प्रत्येक आवृत्तीची वेगळी असते. जुनी आवृत्ती खुली होते तेव्हा मधल्या काळात सापडलेल्या सुरक्षा-त्रुटींच्या दुरुस्त्या बहुधा नव्या आवृत्त्यांमध्ये असतात, आणि त्यांची मुदत अजून चालू असते. म्हणून ‘चार वर्षांनी सगळे मोफतच होणार आहे’ असे बैठकीत कोणी म्हणाले की मी तिथेच थांबवतो. शिवाय एका आवृत्तीच्या बाबतीत अटभंग झाला, तर या परवान्याखालील इतर सर्व आवृत्त्यांवरचा हक्कही आपोआप जातो; हे कलम कायदा विभागाच्या भरवशावर न सोडता प्रोग्रामरने स्वतः वाचावे, असे मला कळकळीने वाटते.

ज्यांना ही वाट पाहणे मान्य नव्हते, त्यांनी पूर्वीच्या खुल्या परवान्याखालील टेराफॉर्म १.५ मालिकेचा कोड घेऊन ओपनटोफू हा वेगळा खुला प्रकल्प सुरू केला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेला.

आमच्या प्रकल्पात असे सॉफ्टवेअर घेताना मी आवृत्तीच्या क्रमांकाशेजारी ती खुली होण्याचा महिना लिहून ठेवतो. टेराफॉर्म १.६ समोर ऑक्टोबर २०२७ असे लिहिले आहे.