तुम्ही विचारलंत म्हणून : थार डिझेलची घ्यावी की पेट्रोलची?

पावसाळा जवळ आला की ओळखीतले कुणी ना कुणी नवी थार, म्हणजे महिंद्राची आडवाटांवर चालणारी गाडी, घ्यायला निघते आणि मला विचारते, "तुम्ही इतकी वर्षे आडवाटांना गाडी घालता, तर सांगा, डिझेल घेऊ की पेट्रोल?" विचारणाऱ्याने उत्तर बहुधा मनाशी ठरवलेलेच असते, आणि ते डिझेल असते, कारण चिखलातून गाडी ओढून काढावी ती डिझेलनेच, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. (तशाच प्रकारची मारुतीची जिम्नी फक्त पेट्रोलवर आणि फोर्सची गुरखा फक्त डिझेलवर मिळते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.)

ही समजूत खोटी नव्हती, ती जुनी झाली आहे. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले पेट्रोल इंजिन हळू फिरत असताना, म्हणजे कमी फेऱ्यांवर, दम सोडत असे आणि चढावर त्याला सतत रेटावे लागे. तरीही दुसऱ्या महायुद्धातली मूळ विलीज जीप पेट्रोलवरच धावत होती, ही गोष्ट डिझेलचे कट्टर भक्त सोयीने विसरतात. 2020 साली आलेल्या थारमध्ये 2.2 लिटरचे डिझेल इंजिन 130 अश्वशक्ती आणि 300 न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते, तर 2 लिटरचे टर्बो पेट्रोल 150 अश्वशक्ती देते आणि टॉर्क मॅन्युअलमध्ये तेवढाच 300, ऑटोमॅटिकमध्ये 320. हा टॉर्क पेट्रोललाही मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या आसपासच पूर्ण मिळतो. त्यातच फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सर्वांत संथ गिअर, टाकला की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) चाकांकडे जाणारा टॉर्क जवळपास अडीचपट करते. त्या गिअरमध्ये गाडी अडते ती टायर घसरतात म्हणून, किंवा एखादे चाक हवेत लटकते म्हणून. इंजिन कमी पडले म्हणून अडलेली गाडी मी तरी पाहिलेली नाही.

फरक आहे तो स्वभावाचा. दगडगोट्यांच्या उतरणीवर किंवा निसरड्या लाल मातीच्या चढावर डिझेल गाडी ॲक्सिलरेटरला पाय न लावताही संथपणे, न चिडता सरकत राहते. पेट्रोल चटकन उसळते, म्हणून तिथे पाय हलका ठेवायला शिकावे लागते, आणि ते शिकेपर्यंत चाके फिरवून स्वतःच खड्डा खणणारे बरेच भेटतात. शिवाय दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारे पेट्रोल इंजिन इंधन ढोसते. टाकी दोन्हींची 57 लिटरचीच, तेव्हा पंप दूर असलेल्या मुलखात डिझेलवाला जास्त निश्चिंत असतो. ओढा ओलांडताना मात्र कोणाचीच बढाई चालत नाही. हवेच्या वाटेने पाणी आत गेले की दोन्ही इंजिने सारखीच मरतात.

आता मी उलट जो प्रश्न विचारतो तो असा : सोमवार ते शुक्रवार ही गाडी कुठे धावणार? बीएस-6 या सध्याच्या प्रदूषण-नियमांत बसणाऱ्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, आणि ती काजळी जळून जायला इंजिन बराच वेळ एका लयीत तापलेले राहावे लागते. आमच्या घरी पूर्वी एक साधी डिझेल मोटार होती, तिचा रोजचा प्रवास कोथरूड ते शिवाजीनगर एवढाच. गाळणीचा दिवा लागला की मी संध्याकाळी काही काम नसताना सातारा रस्त्याला लागून खंबाटकीपर्यंत जाऊन येत असे. डिझेलमध्ये वाचवलेले पैसे मी असे डिझेलमध्येच घालवले.

म्हणून महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर महामार्गावर फिरणाऱ्याने, किंवा शेत-वाडीला नियमित जाणाऱ्याने, 2.2 डिझेल खुशाल घ्यावे. शहरात सिग्नल मोजत फिरून महिन्यातून एखाद्या रविवारी ताम्हिणीच्या बाजूला जाणाऱ्याने पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यावी. मात्र 2023 मध्ये आलेल्या 1.5 लिटर डिझेलच्या स्वस्ताईला भुलू नये, कारण ते मागच्या दोन चाकांवरच चालते. ज्याला चिखलात उतरायचे आहे त्याच्यासाठी ते इंजिन पर्यायच नाही.

गेल्या वर्षी एका मित्राने हे सारे ऐकून घेतले, जुन्या गाडीचे मीटर पाहिले आणि पेट्रोल घेतली. पहिल्या पावसात तो माझ्यासमोरच अडकला. आम्ही टायरमधली हवा कमी केली आणि गाडी बाहेर आली.