अण्णांच्या डिस्चार्ज बुकातलं 'निल'

५ एप्रिल २०२५, शनिवार

उद्या रामनवमी. सुंठवड्यासाठी खोबरं किसत बसले होते, टीव्ही नुसताच चालू होता. बातम्यांत कोलंबोजवळचं, १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचं स्मारक दाखवलं. पंतप्रधान पुष्पचक्र वाहत होते. मी सहज वर पाहिलं तर अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिलेले, हात मांडीला चिकटलेले, मान ताठ. गुडघ्यांमुळे एरवी त्यांना उठायला हात द्यावा लागतो. बातमी संपेपर्यंत ते तसेच उभे होते.

मग बसले आणि म्हणाले, "चंदगडकराचं नाव असंल बघ तिथं. माझं मात्र कुठंच न्हाय."

जिवंत माणसाचं नाव स्मारकावर कशाला असेल, असं मी म्हणाले. ते बोलले नाहीत. थोड्या वेळानं पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली आणि डिस्चार्ज बुक माझ्या हातात दिलं. सतरा वर्षांची नोकरी त्या छोट्याशा पुस्तकात आहे. भरतीची तारीख, उंची, छाती, ओळखीच्या खुणा, कोर्स, चारित्र्याचा शेरा. परदेशातल्या नोकरीच्या रकान्यात टाइप केलंय 'निल', म्हणजे काहीच नाही.

मी हे पुस्तक कितीदा हाताळलंय. पेन्शनच्या कामाला, कॅन्टीन कार्डाला, माझ्या कॉलेजच्या सवलतीला. हा रकाना कधी वाचलाच नव्हता.

१२ एप्रिल

आठवडाभर रोज संध्याकाळी अण्णांकडून ऐकतेय. ते ड्रायव्हर. १९८८ च्या नोव्हेंबरात त्यांना दुसऱ्या एका पलटणीला अटॅच केलं. त्यांची स्वतःची युनिट भारतातच राहिली. मद्रासहून जहाजानं श्रीलंकेत त्रिंकोमालीला उतरले आणि पुढं वावुनियाच्या बाजूला शक्तिमान ट्रकवर रेशन, पाणी, दारूगोळा वाहत राहिले. परत आले ते १९८९ च्या ऑक्टोबरात, म्हणजे अकरा महिने.

रस्त्याखाली सुरुंग असायचे. ट्रकच्या केबिनमध्ये पायाखाली वाळूची पोती अंथरलेली असायची, त्यामुळे गुडघे पोटाशी यायचे आणि क्लच दाबताना पाय तिरका टाकावा लागायचा. हे सांगताना अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या डावा पाय तसा तिरका टाकून दाखवला. छत्तीस वर्षांनी.

चंदगडकर हा त्या पलटणीचा जवान, अण्णांच्या गाडीवर संरक्षणाला असायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा म्हणून चंदगडकर. ३ फेब्रुवारी १९८९ ला पुढची गाडी सुरुंगावर गेली. हा उतरून पळत गेला आणि झाडीतून गोळीबार सुरू झाला. अण्णांनी त्याला ओढत आपल्या गाडीपर्यंत आणलं. तो वीसेक मिनिटं जगला.

३ फेब्रुवारीला अण्णा दुपारपर्यंत जेवत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहतेय. कुठल्या तरी देवाचं असेल असं धरून चालले होते. आईलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

"कागद म्हणतोय मी तिथं नव्हतोच," अण्णा आज म्हणाले. "मग त्याच्याजवळ कोण होतं?"

सोमवारी साताऱ्याला जाते.

१४ एप्रिल

सुट्टी! आंबेडकर जयंती, माझ्या लक्षातच नाही. उद्या जाते.

१५ एप्रिल

सैनिक कल्याण कार्यालयात एक निवृत्त सुभेदार साहेब भेटले. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे समजावलं. जवानाच्या आयुष्यात काहीही घडलं, रजा, बदली, लग्न, मूल, कोर्स, परदेशी नेमणूक, की युनिट 'पार्ट टू ऑर्डर' काढते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं त्याच्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रावर, नोंद होते. डिस्चार्ज बुक त्यावरून भरतात. ऑर्डर निघाली नाही किंवा पोचली नाही, तर कागदाच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नसते.

"तुमच्या वडिलांसारखे अटॅच गेलेले लोक असेच मधल्या मध्ये राहतात," ते म्हणाले. "मूळ युनिटला वाटतं ते काढतील, त्यांना वाटतं हे काढतील."

मी विचारलं, अण्णांनी तेव्हाच का नाही बोललं? साहेब म्हणाले, घरी जायच्या दिवशी कोण पानं तपासत बसतं, ताई? सही कुठं करायची तेवढं विचारतात.

अर्ज, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि जमला तर पुरावा, एवढं हवं. पेन्शनमध्ये यानं काही फरक पडणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. नोंद झाली तर 'श्रीलंका' पट्टीच्या विशेष सेवा पदकासाठी पुढं अर्ज करता येईल.

२० एप्रिल

पुरावा म्हणून अण्णांनी तिकडून आईला लिहिलेली पत्रं काढली. अठरा आहेत, रबर बँड वितळून वरच्या पाकिटाला चिकटलाय. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता आकडा. आत गावाचं नाव नाही, देशाचं नाही. लिहायला मनाईच होती. "इकडे ताडाची झाडे फार आहेत." "पाऊस अजून थांबला नाही." "नारळ खातो, काळजी करू नये." मी फेब्रुवारीच्या शेवटी जन्मले. मार्चच्या पत्रात, "मुलीचे नाव तुम्ही ठरवाल ते मला पसंत आहे." त्याच पत्रात खाली एक ओळ आहे, "येथे आमचा एक माणूस गेला, मन लागत नाही." आईनं तेव्हा ती वाचली, आणि बाळंतपणाच्या गडबडीत तिथंच राहिली.

पुरावा म्हणून यातलं एकही पत्र उपयोगाचं नाही. सगळी पुन्हा जशीच्या तशी ठेवली, फक्त रबर बँड बदलला.

१८ जून

शाळा सुरू झाली. नववीच्या वर्गात विचारलं, भारतीय सैन्य श्रीलंकेत कधी गेलं होतं? कारगिल सगळ्यांना माहीत, १९७१ बऱ्याच जणांना. हे एकालाही नाही. मग तास बाजूला ठेवला आणि सांगितलं. २९ जुलै १९८७ चा करार, राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने. शांतता राखायला गेलेलं सैन्य ऑक्टोबरपासून एलटीटीईशी, म्हणजे वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या सशस्त्र संघटनेशी, लढायला लागलं, त्या मोहिमेला ऑपरेशन पवन म्हणतात. मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, पलटण ८ महार, २५ नोव्हेंबर १९८७ ला जाफना भागात छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून घेतली. परमवीर चक्र, मरणोत्तर. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १२०० जवान गेले. परत आलेल्यांच्या स्वागताला मद्रासमध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री आले नाहीत.

त्या लढाईला आपल्याकडे कुणी आपलं म्हटलं नाही. चुकीच्या निर्णयावर वाद घालावा, जरूर घालावा. पण हुकूम आला म्हणून गेलेल्या माणसाला त्याचं ओझं वाहायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

अण्णांचं मात्र मी वर्गात काही सांगितलं नाही. कागद हातात नव्हता.

९ जुलै

अर्जाला रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. चार ओळी. उपलब्ध नोंदींनुसार सदर व्यक्तीची परदेशातील सेवा आढळत नाही.

अण्णांनी पत्र वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवलं. रात्री जेवले नाहीत. मला राग आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. ज्यानं उत्तर टाइप केलं त्यानं समोरचा कागद पाहूनच केलं असणार.

१३ जुलै

आज अण्णा आपण होऊन बोलले. तिकडं त्यांना मलेरिया झाला होता, थंडी वाजून ट्रकखाली पडून राहिले होते, मग दवाखान्यात नेलं. "औषधाची चिठ्ठी मिळाली व्हती. कुठंतरी असंल."

ट्रंक पुन्हा उपसली. चिठ्ठी सापडली ती ड्रायव्हिंग लायसन्सच्या जुन्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, लायसन्सच्या मागं. घडीवर विरलेली, निळ्या शाईचं पाणी झालेलं. नंबर, रँक, नाव, ताप, क्विनीन. खाली तारीख मे १९८९ ची, आणि युनिटच्या जागी अण्णांची मूळ युनिट नाही, ती दुसरी पलटण! नावापुढं कंसात 'अटॅच'.

सुभेदार साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ताई, मग आपण चुकीच्या दारात उभे आहोत. त्या पलटणीनं ऑर्डर काढली असेल तर ती त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला गेली असेल, तुमच्या नाही.

माहितीच्या अधिकारात तिकडं अर्ज टाकला. चिठ्ठीचा फोटो आधी काढून ठेवला, मग मोठी झेरॉक्स.

३० ऑगस्ट

गणपतीचा चौथा दिवस. कालच्या टपालात पाकीट आलं होतं, पाहुण्यांच्या गर्दीत आज उघडलं. ऑर्डरची प्रत आहे. ठिपक्यांनी भरलेली, एक कड कापली गेलेली, पण अण्णांचा नंबर स्पष्ट वाचता येतो. तो कागद हरवलेलाच नव्हता. छत्तीस वर्षं दुसऱ्या घरी जाऊन बसला होता.

अण्णांनी तो गणपतीपुढं ठेवला. मी काही बोलले नाही.

प्रत जोडून नवा अर्ज सोमवारी जाईल.

१९ डिसेंबर

रजिस्टर टपाल. पोस्टमन काकांना अण्णांनी बसायला लावून पाणी दिलं, मगच सही केली.

दुरुस्तीचं पत्र आहे. परदेशातली नोकरी, श्रीलंका, ऑपरेशन पवन, पासूनची तारीख, पर्यंतची तारीख. खाली सही आणि गोल शिक्का.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तरी त्यांनी भिंग मागितलं. बोट पहिल्या तारखेवर ठेवलं. ती अकरा दिवस उशिराची आहे. जहाजात बसल्यापासून नाही, पलटणीत हजर झाल्यापासून धरलीय. मी म्हणाले, अण्णा, हेही दुरुस्त करून घेऊ, आता रस्ता माहीत आहे. त्यांचं लक्षच नव्हतं. बोट हळूहळू दुसऱ्या तारखेकडं सरकत होतं आणि ओठ हलत होते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी.

"बसतीय त्यात," ते म्हणाले. "तीन फेब्रुवारी बसतीय."

मग बराच वेळ भिंग हातातच होतं. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर ट्रंक उघडी, आणि अण्णा जुन्या डायरीतून एक पत्ता कोऱ्या पाकिटावर उतरवत होते. तालुका चंदगड. त्याची बायको अजून त्याच गावात असते म्हणे.

"उद्या शाळेतनं येताना एक झेरॉक्स काढून आण," ते म्हणाले. "आन् पत्र तू लिही. माझं अक्षर आता हलतंय."