अमेरिकेत जुनं काय बघायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भारतातून आमच्याकडे आलेलं घरचं माणूस जेट लॅग उतरला की हे विचारतंच: "इथे जुनं असं काही आहे का बघायला?" वेरूळ पाहिलेल्या डोळ्यांना सव्वाशे वर्षांची इमारत जुनी वाटणार नाही, कबूल. तरी मी सगळ्यांना कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कलीला नेते. तिथल्या विद्यापीठात आर्किटेक्ट जॉन गॅलन हॉवर्ड यांच्या इमारती आहेत.

या विद्यापीठाच्या आराखड्यासाठी फीबी हर्स्ट या बाईंनी पदरचा पैसा घालून जागतिक स्पर्धा घेतली. १८९९ साली निकाल लागला. पहिले आले पॅरिसचे एमिल बेनार आणि हॉवर्ड चौथे! पण बेनार काही इथे राहिले नाहीत, आणि १९०१ मध्ये काम आलं हॉवर्ड यांच्याकडे. दुसऱ्याचा आराखडा बदलत बदलत त्यांनी आपला करून घेतला, आणि दोन दशकांहून जास्त काळ तो उभा करत राहिले. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो यासाठी.

घाई असेल तर एकच बघा, १९०७ ची हर्स्ट मायनिंग बिल्डिंग. बाहेरून भारदस्त ग्रॅनाइट. दारातून आत पाऊल टाकलं की समोर एकदम उंच दालन, सडपातळ पोलादी खांब, भोवती सज्जे, आणि वर ओळीने तीन घुमट. मान वर करून नीट बघा, घुमट पातळ भाजक्या फरश्यांचे रचलेले आहेत. खाणकाम शिकवायची जागा, म्हणून लोखंड प्लास्टरखाली झाकलेलं नाही. पुढे नावारूपाला आलेल्या आर्किटेक्ट ज्युलिया मॉर्गन यांनीही हॉवर्ड यांच्या हाताखाली या इमारतीवर काम केलं. हेवर्ड भ्रंशरेषा, म्हणजे जिथे जमीन सरकून भूकंप होतात ती जमिनीतली भेग, अगदी जवळून जाते, त्यामुळे पुढे सगळी इमारत पायापासून सुटी करून भूकंपाचे हादरे सोसणाऱ्या आधारांवर बसवली. २००२ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

तिथून ३०७ फुटी सेदर टॉवर. व्हेनिसच्या घंटाघरावरून घेतलेला, १९१४ चा. पायथ्याशी पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की सरळ रस्त्याच्या टोकाला गोल्डन गेट दिसतं. तेव्हा तिथे पूल नव्हता, नुसती सामुद्रधुनी होती.

सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ च्या भूकंपानंतर जे सिव्हिक सेंटर, म्हणजे सरकारी आणि सार्वजनिक इमारतींचा परिसर, उभं राहिलं, त्याच्या सल्लागार आर्किटेक्टांचे प्रमुखही हेच. तिथलं १९१५ चं सभागृह भव्य आहे, पण माझा जीव तिथे रमत नाही.

रमतो तो विद्यापीठाच्या उत्तर दाराशी. भिंतींवर लाकडी फळकुटं ठोकलेली तपकिरी, बैठी इमारत, १९०६ ची. वास्तुकलेचा विभाग हॉवर्ड यांनीच सुरू केला होता, त्याच्या वर्गांसाठी ही बांधली. विद्यार्थी तिला 'आर्क' म्हणायचे. आता तिथे पत्रकारिता शिकवतात. मायनिंग बिल्डिंगपासून चालत पाच-सात मिनिटं, तेव्हा ती चुकवू नका.