युनिट किती पडलं?

बाकीच्यांचे आईवडील फोनवर "जेवलीस का?" विचारतात. आमचे अण्णा विचारतात, "या महिन्यात युनिट किती पडलं?" पस्तीस वर्षं बोर्डात लाइनमन म्हणून खांबावर चढलेला माणूस. बोर्डाची महावितरण होऊन वीस वर्षं झाली, पण आमच्या कराडच्या घरात तो अजून बोर्डच आहे, आणि वीज अजून 'लाइट'च.

मी राहते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एफ्राटा नावाच्या गावात. वॉशिंग्टन म्हटलं की लोकांना राष्ट्राध्यक्षांचं वॉशिंग्टन आठवतं. मग सांगावं लागतं की हे दुसऱ्या टोकाचं, सिअ‍ॅटलचं. सिअ‍ॅटल म्हटलं की लगेच पाऊस आणि हिरवीगार झाडं, तर तेही इथं नाही. मध्ये कॅस्केड पर्वताची रांग आहे, ढग तिच्या पलीकडेच मोकळे होतात आणि आमच्याकडे रिकामे येतात. महाबळेश्वर आणि दहिवडी एकाच जिल्ह्यात असतात ना, तसंच. फक्त इथली दहिवडी आणखी कोरडी, वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर. ग्रँट काउंटी हे तिचं नाव. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण माणसं सगळी मिळून लाखभर. बटाटा, मका, सफरचंद, अल्फाल्फा नावाचं गुरांचं गवत आणि मधूनच बिनखिडक्यांच्या लांबलचक पांढऱ्या इमारती. त्यांतल्याच एका इमारतीत मी नोकरी करते.

तर युनिट. इथं युनिटला सहा सेंटच्या आसपास पडतात, म्हणजे पाच रुपये. अमेरिकेची घरगुती सरासरी २०२४ साली सोळा सेंटच्या वर होती, आणि सॅन होजेच्या माझ्या मैत्रिणीसमोर मी हा आकडा काढतच नाही, उगाच मैत्री तुटायची. गेल्या जानेवारीत घर गरम ठेवायला १,९०० युनिट जळले. बिल एकशे वीस डॉलरच्या आसपास. अण्णा फोनवर काही क्षण गप्प. आपल्याकडे तीनशे युनिट ओलांडले की पुढच्या युनिटला पंधरा रुपयांच्या आसपास लागतात, आणि ते तोंडी हिशेबात पक्के आहेत. "एकोणीसशे?" ते म्हणाले. "पोरी, कुणी आकडा टाकलाय का बघ."

मागच्या उन्हाळ्यात ते तीन महिने राहायला आले. लोक आईवडिलांना नायगारा दाखवतात, मी अण्णांना धरणं दाखवली. काउंटीच्या कडेने कोलंबिया नदी वाहते. उत्तरेच्या टोकाला ग्रँड कूली, ६,८०९ मेगावॉट, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं वीजकेंद्र. ते केंद्र सरकारचं. त्याखालची वनापम आणि प्रिस्ट रॅपिड्स ही दोन मात्र काउंटीची स्वतःची, मिळून दोन हजार मेगावॉटच्या वर. आपली कोयना १,९६० ची. म्हणजे कोयनेएवढी वीज आणि घरची माणसं लाखभर! हे ऐकून अण्णांनी चष्मा काढून पुसला.

वनापमसमोर उभं राहून त्यांचा पहिला प्रश्न होता, "विसर्ग किती?" कोयनेचे दरवाजे उघडले आणि विसर्ग पन्नास हजार क्युसेकच्या पुढे गेला की सांगलीकर आयर्विन पुलाकडे बघायला लागतात, ही आमच्याकडची मोजपट्टी. मी सांगितलं, कोलंबियाला इथं वर्षभराची सरासरीच एक लाख वीस हजार क्युसेकच्या आसपास असते. मे-जूनमध्ये कॅनडाकडचं बर्फ वितळलं की याच्याही वर. इथं कोयनेसारखी पावणेपाचशे मीटरची उडी नाही, जेमतेम पंचवीस मीटर. पण पाणीच एवढं की संथपणे दहा-दहा टर्बाइन फिरतात. अण्णा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. "आवाज नाय फार," एवढंच म्हणाले.

ही धरणं काउंटीची कशी, हे समजावताना माझा कस लागला. १९२० च्या दशकात खासगी वीज कंपन्या गावोगावच्या शेतांपर्यंत तारा न्यायला तयार नव्हत्या. चार घरांसाठी दोन मैल खांब कोण उभे करणार? १९३० साली वॉशिंग्टनच्या मतदारांनी थेट मतदानाने कायदा केला की काउंटीतल्या लोकांना स्वतःची वीजसंस्था काढता येईल. त्यांना पब्लिक युटिलिटी डिस्ट्रिक्ट, थोडक्यात पीयूडी म्हणतात. ग्रँटची पीयूडी १९३८ ची. पाच आयुक्त असतात, लोकांनी निवडून दिलेले, आणि दर वाढवायचा तर त्यांना जाहीर बैठकीत लोकांसमोर बसून वाढवावा लागतो. अण्णांच्या डोक्यात लगेच आपला साखर कारखाना आला. "म्हणजे सभासदांची वीज," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि चेअरमन?" मी म्हटलं, अण्णा, पुढे चला.

आमचा शेजारी बटाटेवाला. त्याच्या शेतात पाव मैल लांबीचा फवारा चाकांवर गोल फिरतो, विमानातून ही शेतं हिरव्या थाळ्यांसारखी दिसतात. पाणी येतं ग्रँड कूलीहून. तिथं विजेनेच नदीचं पाणी पंच्याऐंशी मीटर वर चढवतात आणि कालव्यांनी पावणेसात लाख एकरांवर खेळवतात. अण्णांनी माझ्यामार्फत त्याला विचारलं, "रात्रीची लाइट कोणत्या आठवड्यात असते?" शेजाऱ्याला प्रश्नच कळेना. मी तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. वीज पाळीने असते ही कल्पनाच त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी अण्णा मला म्हणाले, "राहू दे. त्याला कशाला घोर."

आता माझ्या पांढऱ्या इमारतीकडे येते. एफ्राटापासून अर्ध्या तासावर क्विन्सी आहे. शेंगा आणि बटाट्यावर जगणारं गाव. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिथं डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या संगणकांची इमारत, सुरू केली, मागोमाग बाकीचे आले. कारण एकच, स्वस्त वीज. तुम्ही पुण्यात बसून जो फोटो ढगात ठेवता, त्यातला एखादा कोलंबियाच्या पाण्यावर जगत असेल. वीजखाऊ संगणकांवर बिटकॉइन काढणारेही आले. २०१८ मध्ये त्यांच्या अर्जांचा ढीग एवढा झाला की पीयूडीने त्यांच्यासाठी वेगळा, चढा दर मंजूर केला. धोरण सरळ आहे: धरणाच्या स्वस्त विजेवर पहिला हक्क घरांचा, शेतीपंपांचा, छोट्या दुकानांचा. मोठ्यांनी वाढवलेल्या मागणीचा खर्च मोठ्यांनी सोसायचा. माझा दर सहा सेंटांवर टिकून आहे तो या धोरणामुळे, हे मी मोठ्यांच्या पगारावर जगत असताना लिहिते आहे.

अण्णांना एकदा क्विन्सीत गाडीने फिरवलं. कुंपणाबाहेरूनच, आत सोडत नाहीत. इमारतींच्या बाजूला रांगेने उभे कंटेनर बघून त्यांनी ताबडतोब ओळखलं, "जनरेटर." वीज गेलीच तर पहिला श्वास बॅटरीचा, दुसरा डिझेलचा. ते अधूनमधून चालवून बघावे लागतात, त्याला राज्याच्या पर्यावरण विभागाचा परवाना लागतो, आणि गावातल्या काही लोकांनी या धुरावरून वर्षानुवर्षं भांडण चालवलं आहे. शाळा जवळ आहे, भांडतील नाहीतर काय. "पाण्याच्या लाइटवर चालतंय म्हणतेस आन् दाराशी डिझेल," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, ते आणीबाणीसाठी. ते म्हणाले, "आमच्याकडं दुकानदार पण हेच सांगत्यात."

पण खरा गोंधळ डिझेलचा नाही, एका कागदाचा आहे. इथल्या कायद्यानुसार वीज देणाऱ्याला ग्राहकाला सांगावं लागतं की तुझी वीज कशापासून बनली. जल, वारा, अणू, वायू, कोळसा असे रकाने. नवीन होते तेव्हा मी तो कागद उत्साहाने उघडला. दोन धरणं उशाशी, म्हटलं शंभर टक्के जल असणार. तर एक भला मोठा वाटा होता 'अनिर्दिष्ट' या रकान्यात. म्हणजे बाजारातून घेतलेली, ठावठिकाणा नसलेली वीज. आपली म्हण आहे ना, धरण उशाला आणि कोरड घशाला! इथं घसा ओला आहे, पण पाणी कुठलं ते सांगता येत नाही.

झालं असं, की नदीचा भरवसा नसतो. बर्फ कमी पडलं की पाणी कमी, आणि डेटा सेंटर तर चोवीस तास सारखीच वीज खातं. म्हणून पीयूडी आपल्या धरणांच्या उत्पादनातले हिस्से करार करून वीजव्यापाऱ्यांना देते, आणि बदल्यात काउंटीला लागेल तेवढी पक्की वीज घेते. जोखीम व्यापाऱ्याची, शुद्ध जलविजेचा शिक्काही त्याच्याकडे. तो शिक्का पुढे किनाऱ्यावरच्या कुठल्याशा शहराच्या कागदावर उमटतो. तारेतले इलेक्ट्रॉन बहुधा शेजारच्या धरणाचेच असतात, पण हिशेब इलेक्ट्रॉनचा नसतो, कराराचा असतो. अशा अनिर्दिष्ट विजेला वॉशिंग्टनचा कायदा मेगावॉट-तासाला ०.४३७ टन कार्बन डायऑक्साइड धरतो, म्हणजे युनिटला ४३७ ग्रॅम. (भारतातल्या ग्रिडची सरासरी युनिटला साधारण ०.७ किलो आहे.) माझ्या जानेवारीच्या १,९०० युनिटांना लावून बघा. सगळी वीज अनिर्दिष्ट धरली तर ८३० किलो माझ्या नावावर. सगळी वनापमची धरली तर शून्य. हीटर तोच, तार तीच.

मी हे अण्णांना वीस मिनिटं समजावलं, वहीत बाण काढून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे घरच्या म्हशीचं दूध डेरीला घालायचं आन् पोरांना पिशवीचं पाजायचं." याहून चांगलं मला अजून कुणी समजावलेलं नाही, आमच्या ऑफिसातल्या सादरीकरणांनी तर नाहीच.

डेअरीला घालण्यात शहाणपणही आहे, हे मात्र मान्य करायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये इथं कडाक्याची थंडी पडली होती. घाऊक बाजारात मेगावॉट-तासाला हजार डॉलरपर्यंत भाव गेला, म्हणजे युनिटला एक डॉलर. या बाजाराचं नावच आमच्या नदीच्या या पट्ट्यावरून पडलं आहे, मिड-कोलंबिया, बोलीभाषेत मिड-सी. त्या आठवड्यातही माझ्या घराचा दर एका सेंटनेही हलला नाही. राज्याच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे मात्र २०४५ पर्यंत सगळी वीज प्रदूषणमुक्त दाखवावी लागणार आहे, तेव्हा व्यापाऱ्याला दिलेला शिक्का कधीतरी घरी आणावा लागेल. मग सहा सेंट राहतील असं मला वाटत नाही. क्विन्सीच्या इमारती तर वाढतच आहेत.

जायच्या आदल्या आठवड्यात अण्णांना प्रिस्ट रॅपिड्सजवळच्या वनापम संग्रहालयात नेलं. वनापम हे नदीकाठच्या लोकांचं नाव, धरणाने ते घेतलं. या लोकांनी गोऱ्यांशी कधी लढाई केली नाही आणि १८५५ च्या तहातही ते नव्हते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला राखीव जमीन आली नाही. १९५७ मध्ये पीयूडीने त्यांच्याशी करार केला, मग पाणी आलं. दगडांवर कोरलेली जुनी चित्रं बुडणार म्हणून काही दगड कापून दुसरीकडे नेले. या लोकांची छोटी वस्ती अजून धरणाजवळ आहे.

अण्णांची आई कोयनेच्या पोटात गेलेल्या गावची. हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण ते कधी सविस्तर बोलत नसत. इथं, वनापमांच्या बुडालेल्या गावाच्या एका फोटोसमोर, बोलले. आजीच्या नव्या गावात लाइट आली ती धरणानंतर वीस वर्षांनी, आणि तिथला पहिला खांब त्यांच्या टोळीने रोवला होता. मे महिन्यात शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडायचा, आजी बघायला जायची.

मी त्यांना २०१४ ची गोष्ट सांगितली. वनापम धरणाच्या एका खांबाला पाण्याखाली ६५ फूट लांब भेग सापडली. अर्धशतकापूर्वीच्या आराखड्यातलं गणित चुकलं होतं म्हणे. जलाशय २६ फूट खाली आणला, आणि पन्नास वर्षं बुडालेला काठ वर आला. माणसांची हाडं सापडली. कुणी उकरू नये म्हणून काठ लोकांसाठी बंद केला.

"गावाचं नाव काय होतं?" अण्णांनी विचारलं.

फोटोखाली लिहिलं होतं. त्यांच्या भाषेतलं नाव, मध्येच स्वल्पविरामासारखी खूण असलेलं. मी दोनदा वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"लिहून घे," ते म्हणाले. माझ्याकडे पर्समध्ये विजेचं बिल होतं. त्याच्या पाठीवर लिहून घेतलं.